पिकअपमागे ट्रॅव्हल ट्रेलर जोडताना: तयारी, कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात बहुधा एकच आकडा असतो, माहितीपत्रकातला 'ही गाडी ११,००० पाउंड ओढते' हा. त्या आकड्यात बसणारा ट्रेलर घेतला जातो. विक्रेता अंगणातल्या रिकाम्या ट्रेलरवर हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणारा सांधा, बसवून देतो. घरी आल्यावर त्यात पाणी, भांडी, सायकली, गॅस भरला जातो. मग हायवेवर शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर डोलायला लागतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. या त्रासाची मुळं दोन आहेत. हिशोबाला धरलेला आकडा चुकीचा असतो आणि कामं उलट्या क्रमाने झालेली असतात. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. आधी हिशोब, मग सामान भरणं, मग हिच, मग ब्रेक, मग वजनकाटा.

हा लेख अमेरिका आणि कॅनडात विकल्या जाणाऱ्या पिकअपसाठी आहे, तेही मागच्या रिसीव्हरला (गाडीच्या फ्रेमला बसवलेल्या चौकोनी खोबणीला) बॉलने जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरपुरता. फिफ्थ व्हीलची, म्हणजे पिकअपच्या बेडमध्ये बसणाऱ्या ट्रेलरची, जोडणी वेगळी असते.

## १. पेलोडचा हिशोब: सगळ्यात आधी, ट्रेलर घेण्याच्याही आधी

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारं लेबल असतं. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे लिहिलेलं असतं. तो तुमच्या गाडीचा पेलोड. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा आकडा तुम्हाला लागू होत नाही. सनरूफ, मोठी चाकं, फोर-व्हील ड्राइव्ह यांनी तो काही शे पाउंडांनी बदलतो. लेबलचा फोटो काढून ठेवा.

ओढण्याची क्षमता आणि पेलोड या दोन वेगळ्या मर्यादा आहेत, आणि हाफ-टन (हलक्या वर्गातल्या) पिकअपमध्ये पेलोड जवळजवळ नेहमी आधी संपतो. कंपन्या ओढण्याची क्षमता एसएई जे२८०७ या पद्धतीने ठरवतात. त्यात गाडीत दोनच माणसं, प्रत्येकी १५० पाउंडांची, धरलेली असतात. तुमच्या गाडीत चार माणसं असतील आणि मागे जनरेटर असेल, तर तो आकडा तुमचा उरत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत वापरू. लेबलवर पेलोड १,६०० पाउंड आहे. चार माणसांचं कुटुंब ५५०, मागच्या बेडमधलं (मालाच्या उघड्या भागातलं) सामान १५०, हिचचं स्वतःचं वजन ९०. उरले ८१० पाउंड. हे ट्रेलरच्या टंग वेटसाठी, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक बॉलवर जो भार टाकतं त्यासाठी. ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट त्याच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. १३ टक्के धरले तर ८१० पाउंडांत साधारण ६,२०० पाउंडांचा भरलेला ट्रेलर बसतो. माहितीपत्रकातले ११,००० कुठे आणि हे ६,२०० कुठे!

नेहमीची चूक: बेडवरचं झाकण, टूलबॉक्स, साइड स्टेप असं काही नंतर बसवलं असेल तर त्याचं वजन पेलोडमधून वजा करायचं राहून जातं. तेही कापा.

दुसरी चूक: मागच्या स्प्रिंगला एअरबॅग लावल्या की पेलोड वाढतो, हा समज. एअरबॅग गाडीचा मागचा भाग उचलून धरतात, एवढंच. एक्सल, चाकं, टायर, ब्रेक तेच राहतात आणि लेबलवरचा आकडाही तोच राहतो.

## २. ट्रेलरचं खरं वजन

जाहिरातीतलं 'कोरडं वजन' हिशोबातून काढून टाका. त्यात पाणी नसतं, सामान नसतं, बहुतेकदा बॅटरीही नसते. एक गॅलन पाणी ८.३ पाउंडांचं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंड वाढले. २० पाउंडी प्रोपेनचा भरलेला सिलिंडर सुमारे ३७ पाउंडांचा, आणि दोन सिलिंडर व बॅटरी नेमकी टंगवरच बसतात. त्यामुळे कागदावरचं कोरडं टंग वेट आणि प्रत्यक्षातलं यांत मोठी तफावत पडते.

हिशोबाला ट्रेलरचं जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे कमाल भरलेलं वजन, धरा. तेवढं पेलत असेल तर पुढचं सगळं सोपं होतं.

## ३. सुटे भाग: प्रत्येकाची मर्यादा वाचा

साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकीच पेलते. इथे कड्या पुष्कळ आहेत: रिसीव्हर, शँक (रिसीव्हरमध्ये जाणारा दांडा), बॉल, हिचचं डोकं (बॉल आणि बार धरणारा भाग), स्प्रिंग बार (भार वाटणाऱ्या दांड्या), कपलर (ट्रेलरचा बॉलवर बसणारा भाग). प्रत्येकावर आकडे कोरलेले किंवा चिकटवलेले असतात.

रिसीव्हरच्या लेबलवर आकड्यांच्या दोन जोड्या असतात. पहिली साध्या बॉलवर ओढताना, दुसरी वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे स्प्रिंग बारने भार वाटणारी हिच, लावून. बऱ्याच हाफ-टन गाड्यांवर पहिली जोडी ट्रेलर ५,००० आणि टंग ५०० पाउंड एवढीच असते. आपल्या उदाहरणात टंग ८०० च्या आसपास जाणार, म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशन हिच लागणारच.

बॉलचं माप कपलरवर लिहिलेलं असतं. मध्यम आणि मोठ्या ट्रॅव्हल ट्रेलरना बहुधा २ ५/१६ इंची बॉल लागतो. २ इंची बॉलवर २ ५/१६ इंचाचा कपलर बसल्यासारखा दिसतो, कधी लॅचही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो उचलून बाहेर येतो. बॉलवरचं माप वाचा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. बॉलचा नट निर्मात्याने दिलेल्या टॉर्कला टॉर्क रेंचनेच आवळा. हा टॉर्क खूप मोठा असतो, साध्या पान्याने हाताच्या अंदाजावर तो येत नाही.

स्प्रिंग बार टंग वेटला साजेसे घ्या. ८०० पाउंडांच्या टंगला ६०० चे बार कमी पडतात. उलट 'जास्तीचे असू देत' म्हणून १,४०० चे घेतले तर जोडणी ताठ होते, दणके थेट फ्रेममध्ये जातात आणि भार नीट वाटला जात नाही.

## ४. गाडीची तयारी

टायर. गाडीची हवा दारावरच्या लेबलप्रमाणे, थंड टायरवर. पॅसेंजर दर्जाच्या टायरच्या भिंती मऊ असतात आणि जड टंग असेल तर मागचा भाग डावा-उजवा सरकल्यासारखा लागतो. एलटी (लाइट ट्रक) टायरने हा फरक स्पष्ट जाणवतो, पण त्यांना हवा वेगळी लागते, ती विचारून घ्या. ट्रेलरच्या एसटी (स्पेशल ट्रेलर) टायरमध्ये हवा ट्रेलरवरच्या लेबलप्रमाणे भरा. बहुधा ती टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल थंड दाबाइतकीच असते. टायरचं वयही बघा. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, नक्षी छान दिसते म्हणून फसू नका. बऱ्याच एसटी टायरची वेगमर्यादा ६५ मैल असते.

आरसे. ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असतो. त्याच्या दोन्ही बाजू आणि मागची लेन दिसत नसेल तर बाहेर येणारे टोइंग आरसे हवेत.

सात पिनांचा प्लग. मागचे दिवे, डावा व उजवा सिग्नल-ब्रेक, ट्रेलर ब्रेक, बॅटरी चार्ज, रिव्हर्स आणि ग्राउंड एवढं त्यातून जातं. दिवे मंद किंवा विचित्र लागले तर आधी ग्राउंड तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

ब्रेक कंट्रोलर. ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवतो तो. गाडीत कंपनीचा असेल तर उत्तम. नसेल तर गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतोय ते ओळखून ट्रेलरला तेवढाच ब्रेक देणारा, म्हणजे प्रपोर्शनल, कंट्रोलर घ्या. ठरावीक वेळाने ठरावीक ब्रेक देणारे स्वस्त असतात, पण गर्दीत ते नको तेव्हा धक्का देतात.

ट्रान्समिशन कूलर कंपनीच्या टो पॅकेजमध्ये आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा.

## ५. ट्रेलर भरा, मगच हिचला हात लावा

सर्वाधिक चुकणारी पायरी हीच. हिचची मापं रिकाम्या ट्रेलरवर घेतली तर ती त्या रिकाम्या ट्रेलरपुरतीच खरी असतात. तुम्ही जसे प्रवासाला निघणार, तसाच ट्रेलर भरा: सिलिंडर भरलेले, कपाटात भांडी, पाणी नेत असाल तर पाणी. गाडीची टाकीही भरा.

जड सामान खाली आणि एक्सलच्या थोडं पुढे ठेवा. ढोबळमानाने साठ टक्के भार एक्सलच्या पुढे. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर सायकलींचा रॅक लावणं म्हणजे टंग हलकी करणं, आणि हलकी टंग म्हणजे डोलणारा ट्रेलर. पाण्याची टाकी एक्सलच्या मागे असेल तर भरल्यावर टंग वेट घटतं, पुढे असेल तर वाढतं. आपली टाकी कुठे आहे ते वाकून बघून घ्या.

## ६. बॉलची उंची

सपाट, पक्क्या जमिनीवर ट्रेलर उभा करा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. जॅकने ट्रेलर अगदी सपाट आणा. दारात लेव्हल ठेवण्यापेक्षा फ्रेमची जमिनीपासूनची उंची पुढे आणि मागे मोजणं खात्रीचं. आता कपलरच्या आतल्या छताची उंची मोजा. बॉलचा माथा त्याहून किंचित वर हवा, कारण जोडल्यावर गाडीचा मागचा भाग बसणार आहे. किती वर, ते हिचच्या पुस्तिकेत असतं.

जोडल्यानंतर ट्रेलर सपाट किंवा नाक अगदी थोडं खाली चालेल. नाक वर असेल तर शँकचं भोक बदलून पुन्हा करा. नाक वर ठेवून निघू नका, मागच्या एक्सलवर जास्त भार येतो आणि ट्रेलर डोलतो.

## ७. स्प्रिंग बार लावून भार वाटणं

टंगचा भार मागच्या एक्सलच्याही मागे पडतो. त्यामुळे मागचा एक्सल दबतो आणि पुढचा उचलला जातो. पुढचा उचलला की स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही कमजोर होतात. स्प्रिंग बार ताणल्यावर तो भार काही प्रमाणात पुढच्या एक्सलवर आणि ट्रेलरच्या एक्सलवर परत जातो.

तीन मापं घ्या, तिन्ही वेळा पुढच्या चाकाच्या मध्यावरून थेट वर, फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत:

१. ट्रेलर न जोडता. समजा ३८ इंच.
२. जोडून, बार न लावता. समजा ३९ इंच.
३. बार लावून.

तिसरं माप किती यावं, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये शोधा. काही कंपन्या अर्धी उंची परत आणायला सांगतात (इथे ३८ १/२ इंच), काही जवळजवळ पूर्ण. मॅन्युअलपेक्षा जास्त ताण देऊन पुढचा भाग ३८ च्याही खाली नेऊ नका. तसं केलं तर मागचा एक्सल हलका होतो आणि ओल्या वळणावर गाडीची शेपटी सुटू शकते.

भार कमी जात असेल तर बार टांगणाऱ्या साखळीची एक कडी जास्त घ्या किंवा ब्रॅकेट वर सरकवा. तरी पुरत नसेल तर हिचच्या डोक्यात वॉशर घालून डोकं मागे झुकवा. एका वेळी एकच बदल करा, मग गाडी थोडी पुढे-मागे हलवून पुन्हा मोजा.

गाडीला एअरबॅग असतील तर हे सगळं त्या किमान दाबावर ठेवून करा. फुगलेल्या एअरबॅग मागचा भाग उचलून धरतात आणि मग फेंडरची मापं खोटं बोलतात.

इशारा: बार चढवण्यापूर्वी कपलरची लॅच लावून जॅकने गाडीचा मागचा भाग ट्रेलरसकट वर उचला. बारवरचा ताण कमी होतो आणि बार चढवायची लिव्हर सहज फिरते. लिव्हरला फार जोर लागत असेल तर थांबा, अजून उचला. ताणलेली लिव्हर हातातून सुटली तर हाड मोडते. तोंड आणि डोकं तिच्या रेषेत आणू नका.

## ८. ब्रेकची गेन बसवणं

कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर साधारण २० ते २५ मैल वेग ठेवा. पायाने ब्रेक न दाबता कंट्रोलरची हाताची लिव्हर पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं लॉक होईपर्यंत गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला मिळणारा जोर, थोडी थोडी वाढवा, मग लॉक होणं थांबेपर्यंत खाली आणा. ट्रेलरने गाडीला मागे खेचल्यासारखं जाणवायला हवं, पण चाकं घासत जायला नकोत. नवे ब्रेक थोडे वापरून घासले गेल्यावर गेन पुन्हा बघावी लागते. ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर ती कमी करा, आणि ट्रेलर रिकामा असेल तेव्हाही.

तपासा: ब्रेकअवे स्विच. ट्रेलर सुटला तर त्याची वायर ओढली जाते, पिन निघते आणि ट्रेलरच्या बॅटरीवर त्याचे ब्रेक लागतात. सात पिनांचा प्लग काढा, पिन ओढा, ट्रेलर हळूच ओढून बघा. चाकं अडली पाहिजेत. पिन लगेच परत घाला, नाहीतर बॅटरी उतरते. ही वायर सेफ्टी चेनला किंवा हिचच्या शँकला अडकवू नका. शँकच निसटली तर वायर तिच्याबरोबर जाईल आणि पिन निघणारच नाही. ती गाडीच्या फ्रेमवर किंवा रिसीव्हरवर स्वतंत्र बांधा.

## ९. दर वेळी जोडण्याचा क्रम

हा क्रम छापून ट्रेलरच्या दारामागे चिकटवा. जोडताना कुणाशी बोलत राहू नका, पायऱ्या अशाच वेळी सुटतात.

१. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे.
२. गाडी मागे घेऊन कपलर बॉलवर उतरवणं.
३. लॅच लावणं, त्यात पिन घालणं.
४. जॅकने वर उचलणं. गाडीचा मागचा भागही उचलला गेला तर कपलर पक्का बसला. नुसता ट्रेलर वर आला तर लॅच बॉलखाली गेलेली नाही. ही खात्री कधीही टाळू नका.
५. स्प्रिंग बार, त्यांच्या सुरक्षा क्लिपा.
६. सेफ्टी चेन टंगच्या खालून एकमेकींना छेदून. कपलर निसटला तर टंग त्या झोळीत पडते, रस्त्यावर घुसत नाही. वळणाला पुरेल इतकी ढील, पण जमिनीला लागणार नाही इतकीच.
७. ब्रेकअवे वायर, सात पिनांचा प्लग.
८. जॅक पूर्ण वर, पायऱ्या व स्टॅबिलायझर (उभा ट्रेलर स्थिर ठेवणारे पाय) आत, छतावरची खिडकी बंद.
९. दिवे बघणं. दुसरा माणूस मागे उभा हवा.
१०. ठोकळे सगळ्यात शेवटी काढायचे.

सोडताना उलट क्रम, पण ठोकळे पुन्हा सगळ्यात आधी.

## १०. वजनकाटा

आतापर्यंत सगळं मापाने आणि हिशोबाने झालं. आता खरं कळेल. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल कंपनीचे वजनकाटे असतात. पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर असे तीन वेगळे आकडे मिळतात. तीनदा वजन करा. तिन्ही वेळा तीच माणसं गाडीत हवीत, त्यात इंधनही तेवढंच हवं.

आपल्या उदाहरणातले आकडे, पाउंडात:

* बार लावून: पुढे ३,२००, मागे ३,६८०, ट्रेलर ५,४२०.
* बार सोडून: पुढे २,९६०, मागे ४,०४०, ट्रेलर ५,३००.
* गाडी एकटी: पुढे ३,३४०, मागे २,८६०.

पहिल्या दोन्ही वेळा एकूण १२,३०० भरलं. एकटी गाडी ६,२००. म्हणजे ट्रेलर ६,१००. बार सोडून गाडीवर ७,००० आले, त्यातून ६,२०० वजा केले की टंग वेट ८००, म्हणजे सुमारे १३ टक्के. ठीक. ट्रेलर जोडल्यावर पुढच्या एक्सलने ३८० गमावले होते, बारने २४० परत दिले, म्हणजे सुमारे ६३ टक्के.

आता हे आकडे गाडीच्या दारावरच्या आणि ट्रेलरवरच्या लेबलशी व मॅन्युअलशी लावून बघा: गाडीचं एकूण (३,२०० अधिक ३,६८०, म्हणजे ६,८८०) जीव्हीडब्ल्यूआरच्या आत, मागचा एक्सल त्याच्या जीएडब्ल्यूआरच्या (एक्सलच्या कमाल भाराच्या) आत, ट्रेलर त्याच्या मर्यादेत, सगळं मिळून जीसीडब्ल्यूआरच्या (गाडी-ट्रेलरच्या एकत्र कमाल वजनाच्या) आत. एक जरी ओलांडला तर सामान कमी करा. बार अजून ताणून तो आकडा लपवण्यात अर्थ नाही.

टंग १० टक्क्यांच्या खाली आली तर सामान पुढे सरकवा. १५ च्या वर गेली तर मागे, पण एक्सलच्या फार मागे नाही.

## ११. पहिली फेरी

टो-हॉल मोड (ट्रेलर ओढताना वापरायचा गियरचा मोड) लावा. उतारावर गियर खाली आणून इंजिनला गाडी रोखू द्या, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका.

डोलणं रोखणारा घर्षणाचा वेगळा स्वे बार लावला असेल तर रिव्हर्स घेण्यापूर्वी तो काढा, नाहीतर वाकतो. निसरड्या रस्त्यावर त्याच्या पुस्तिकेत काय सांगितलंय ते बघा.

ट्रेलर डोलू लागला तर: ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक कंट्रोलरच्या लिव्हरने हळूहळू लावा. गाडीचा ब्रेक जोरात दाबला तर ट्रेलर पुढे ढकलतो आणि डोलणं वाढतं. स्टिअरिंगने उलटसुलट सावरायला गेलात तरी तेच होतं. गाडी शांत झाली की बाजूला थांबा आणि टायर, टंग, बार तपासा. जोराचा वारा नसताना डोललं असेल तर तसंच पुढे जाऊ नका. आधी टंग वेट पुन्हा मोजा.

पहिल्या ५० मैलांनंतर थांबून ट्रेलरच्या चाकांचे नट टॉर्क रेंचने बघा, नव्या किंवा नुकत्याच काढून बसवलेल्या चाकांचे तर नक्कीच. हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याजवळ, हात नेऊन बघा. एकच हब इतरांपेक्षा खूप गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक तपासल्याशिवाय निघू नका. हिचच्या डोक्याचे बोल्टही याच थांब्यावर पुन्हा आवळून घ्या.